बर्फातल्या धुळीचे गाव

१८३२ च्या जानेवारीत ‘बीगल’ हे जहाज केप व्हर्ड बेटांजवळ पोहोचले तेव्हा हवा धुरकट होती. डोलकाठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी झिरझिरीत कापडाची पताका होती. तिच्यात गाळून राहिलेली बारीक तपकिरी धूळ चार्ल्स डार्विनने पुडीत बांधून ठेवली. पुढे ही पुडी आणि अटलांटिकवर इतर जहाजांवर पडलेल्या धुळीच्या आणखी काही पुड्या बर्लिनला ख्रिस्टियान एहरेनबर्गकडे गेल्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या जीवसृष्टीचा त्याच्या तोडीचा जाणकार त्या काळी क्वचितच कुणी असेल. त्याला या धुळीत ६७ निरनिराळी सूक्ष्म जैविक रूपे सापडली, बहुतेक सगळी गोड्या पाण्यातली. अडचण अशी झाली की आफ्रिकेतल्या ज्या खास जाती त्याच्या परिचयाच्या होत्या, त्यांतली एकही या धुळीत नव्हती. उलट दोन जाती अशा निघाल्या, ज्या त्याला केवळ दक्षिण अमेरिकेतून ठाऊक होत्या. डार्विनने हा पुरावा प्रामाणिकपणे नोंदवला, पण आपला निष्कर्ष काही बदलला नाही. धूळ पडते तेव्हा वारा आफ्रिकेकडून येत असतो आणि ती नेमकी हरमॅटन या सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या महिन्यांत पडते, म्हणून ती आफ्रिकेचीच, असे त्याने लिहिले. तो बरोबर होता हे आज निर्विवाद आहे.

एहरेनबर्गच्या नजरेत खोट नव्हती, तोकडा होता तो त्याचा संग्रह. सहाराच्या कोरड्या पडलेल्या तळ्यांतली माती त्याच्यापर्यंत पुरेशी पोहोचलेली नव्हती, आणि जे आपल्याकडे नाही त्याच्याशी ताडून पाहता येत नाही. धुळीचे मूळ शोधण्याच्या शास्त्राची सारी ताकद आणि सारी मर्यादा या एका प्रसंगात दिसते. ध्रुवीय बर्फात हजारो, लाखो वर्षे अडकून पडलेल्या खनिज धुळीबद्दल आज आपण बरेच ठामपणे बोलतो. अंटार्क्टिकाची हिमयुगातली धूळ पॅटागोनियाची, ग्रीनलंडची पूर्व आशियातल्या वाळवंटांची, अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांत रुळली आहेत. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ही वाक्ये वाचताना ती होकारार्थी वाटतात, पण त्यांच्याखालचा पुरावा मुख्यतः नकाराचा असतो. धूळ कुठली नाही हे बर्फ खणखणीत सांगतो. ती कुठली आहे याचे उत्तर मात्र आपण किती ठिकाणची माती जमवून ताडून पाहिली, यावर अवलंबून राहते. आणि तरीही हे ज्ञान दुबळे ठरत नाही. हवामानाच्या इतिहासातल्या मोठ्या प्रश्नांना पुष्कळदा असा नकारच पुरतो.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी येथे ‘एपिका’ या युरोपीय प्रकल्पाने २००४ अखेर ३,२०० मीटरहून खोल छिद्र पाडून बर्फाचा जो गाभा काढला, त्यात ८ लाख वर्षांचा, म्हणजे आठ हिमचक्रांचा इतिहास आहे. त्याआधी व्होस्टोक या रशियन केंद्रावरच्या गाभ्याने ४ लाख २० हजार वर्षे मागे नेले होते. दोन्हीकडे एकच चित्र दिसते: थंडी वाढली की धूळ वाढते, आणि ती थोडीथोडकी वाढत नाही. डोम सीवर हिमयुगांच्या कडाक्याच्या काळात धुळीचा वर्षाव उबदार काळाच्या सुमारे २५ पट होता. ग्रीनलंडच्या बर्फात तर शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, धुळीचे प्रमाण आजच्या शंभर पटींच्या घरात गेलेले दिसते. तिथे आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. हिमयुगातच अधूनमधून हवामान झपाट्याने तापले, आणि अशा प्रत्येक वेळी धूळ काही दशकांत दहापटीने वगैरे कोसळली. आता पंचवीसपट किंवा शंभरपट वाढीची कारणे अनेक संभवतात. वारे जोराचे झाले असतील. उघड्या, कोरड्या जमिनीचे क्षेत्र वाढले असेल. पाऊस-हिम कमी झाल्याने धूळ वाटेत धुतली न जाता दूरवर पोहोचली असेल. किंवा धूळ येण्याची जागाच बदलली असेल. नुसते प्रमाण मोजून यांतले कोणते खरे हे कळत नाही, कारण चारही गोष्टींचा परिणाम मापनयंत्रात एकाच आकड्यावर येतो. धुळीचे गाव कळले तर निदान चौथी शक्यता बाजूला काढता येते आणि उरलेल्या तिघींना एका ठराविक भूभागावर तपासता येते. मूळ शोधण्याचा खटाटोप त्यासाठी आहे.

खटाटोप हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. डोम सीवर उबदार काळातल्या एक किलो बर्फात धूळ असते साधारण १५ मायक्रोग्रॅम. गाभ्याचा व्यास जेमतेम १० सेंटिमीटर, त्यामुळे एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे ७ किलोचा भरतो. एक मिलिग्रॅम धूळ हवी असेल तर जवळजवळ दहा मीटर गाभा सगळाच्या सगळा वितळवावा लागेल. तिथे वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याइतकेच हिम साठते. म्हणजे त्या एका मिलिग्रॅमसाठी तीनशेहून अधिक वर्षांचा बर्फ खर्ची पडला! त्याच बर्फातून वायू, आम्ल, क्षार आणि पाण्याचे समस्थानिक मोजणारे इतर गटही आपला वाटा मागत असतात. हिमयुगाच्या भरातला बर्फ त्या मानाने उदार आहे, त्यात किलोमागे पाऊण मिलिग्रॅमपर्यंत धूळ मिळते. अंटार्क्टिकाच्या धुळीबद्दलचे आपले पक्के ज्ञान हिमयुगांचे आणि कच्चे ज्ञान उबदार काळांचे, असे का आहे याचे साधे कारण हे आहे. जिथे माल मुबलक तिथे अभ्यास अधिक, हा नियम इथेही लागू पडतो.

त्या एका मिलिग्रॅममध्ये जे मोजायचे असते ते निओडिमियम हे मूलद्रव्य भरते जेमतेम ३० नॅनोग्रॅम. अभ्यासकाच्या कपड्यांवरची, खोलीतल्या हवेतली किंवा रसायनांतली अशुद्धी एवढ्याशा ऐवजाला सहज बुडवू शकते. शिवाय छिद्र मिटू नये म्हणून खोदताना त्यात केरोसीनच्या जातीचा द्रव भरलेला असतो, आणि तो गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला लागतो. म्हणून काम सुरू होते ते उणे २० अंश तापमानाच्या खोलीत करवतीने बाहेरची साल कापून टाकण्यापासून. उरलेला आतला भाग गाळलेल्या हवेच्या प्रवाहाखाली, अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला जातो. दरवेळी वितळून जाणाऱ्या पाण्याबरोबर पृष्ठभागाचा एकेक थर जातो, आणि राहिलेला बर्फ मगच खऱ्या भांड्यात वितळवला जातो. या पाण्यातला थोडा भाग कणांची संख्या आणि आकार मोजायला जातो. बाकीच्यातली धूळ गाळून किंवा केंद्रापसारक यंत्रात फिरवून वेगळी काढतात. ती हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात, राळेच्या बारीक स्तंभांतून एकेक मूलद्रव्य वेगळे करतात आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर अणूंची वजनवारी करतो. सोबत नुसत्या शुद्ध पाण्याचा नमुनाही याच सगळ्या पायऱ्यांतून नेला जातो, म्हणजे प्रयोगशाळेने स्वतः किती घाण घातली ते कळते. ही कोऱ्या नमुन्याची शिस्त निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे. अभ्यासाचा अहवाल हाती आला की मी आधी तो आकडा शोधतो.

अणूंच्या वजनवारीतून गाव कसे कळते? रुबिडियमचा एक समस्थानिक अतिशय संथपणे किरणोत्सर्ग करत स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४९ अब्ज वर्षे आहे, पृथ्वीच्या वयाच्या दहापट. समॅरियम-१४७ पासून निओडिमियम-१४३ बनते, तेही १०६ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने. पृथ्वीच्या कवचाचा एखादा तुकडा प्रावरणापासून केव्हा अलग झाला आणि त्या वेळी त्यात रुबिडियम, समॅरियम किती होते, यावर आज त्यातले या समस्थानिकांचे प्रमाण ठरते. महाराष्ट्रातच याची दोन टोके सापडतात. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून वर आला. त्यातले स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण कमी आणि निओडिमियम-१४३ चे त्या मानाने जास्त. पूर्व विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडचे पट्टिताश्म अब्जावधी वर्षांचे जुने, आणि तिथे नेमके उलटे प्रमाण. दोन्हीकडची माती वाऱ्यावर उडाली, समुद्रात पडली किंवा बर्फात गाडली गेली, तरी हे प्रमाण बदलत नाही. पाणी, आम्ल, थंडी यांना अणूच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येत नाही. एहरेनबर्गच्या सूक्ष्मजीवांपेक्षा ही खूण कितीतरी टिकाऊ आहे.

पण इथेच पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. प्रमाण अणूंचे असले तरी उडते ती खनिजे असतात, आणि वारा खनिजे निवडून घेतो. जड, जाडे कण वाटेत पडतात. दोन मायक्रॉनच्या आसपासचे बारीक कण तेवढे ध्रुवापर्यंत पोहोचतात, आणि बारीक कणांत अभ्रकवर्गी व चिकणमातीची खनिजे अधिक असतात. त्यांच्यात रुबिडियम जास्त, म्हणून स्ट्रॉन्शियमचे प्रमाणही निराळे. एकाच मुठीतल्या मातीचे जाडे आणि बारीक भाग स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत दोन वेगळ्या गावांचे भासू शकतात. त्यातच धुळीतले चुनखडीचे कण आणि समुद्राच्या तुषारांतले क्षार स्वतःचे स्ट्रॉन्शियम आणतात. सुरुवातीच्या काही तुलना या कारणाने लंगड्या होत्या. बर्फातल्या बारीक धुळीशी ताडलेली माती सरसकट, न चाळता घेतलेली होती. यावरचा उपाय कटकटीचा असला तरी पुरेसा आहे. संभाव्य उगमस्थानाच्या मातीतला पाच मायक्रॉनखालचा भागच तुलनेला घ्यायचा, चुनखडी आणि क्षार सौम्य आम्लाने आधी धुऊन टाकायचे, आणि निर्णयाचा अधिक भार निओडिमियमवर ठेवायचा, कारण ते कणांच्या आकाराने फारसे विचलित होत नाही. स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम यांत मतभेद दिसला तर निओडिमियमचे ऐकावे, असा माझाही कल आहे.

आता ग्रीनलंडकडे वळू, कारण नकाराच्या पद्धतीचे सर्वात स्वच्छ उदाहरण तिथले आहे. नकाशा पाहिला तर पहिला संशय उत्तर अमेरिकेवर जातो. पश्चिमी वाऱ्यांच्या वरच्या अंगाला, सगळ्यात जवळ, आणि हिमयुगात महाकाय हिमस्तराच्या काठाने बारीक गाळाची मैदाने पसरलेली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या राज्यांत वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीचे, म्हणजे लोएसचे, जाड थर आजही शेतीला लाभदायक ठरत आहेत. पिएर बिस्काये, फ्रान्सिस ग्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीआयएसपी-२ या गाभ्यातली हिमयुगाच्या भरातली धूळ घेऊन १९९७ मध्ये जी तुलना प्रसिद्ध केली, तिने हा सरळ दिसणारा तर्क मोडीत काढला. त्यांनी समस्थानिकांसोबत चिकणमातीची खनिजेही पाहिली. केओलिनाइट हे उष्ण, दमट प्रदेशातल्या खोल झिजेचे अपत्य, तर क्लोराइट थंड, कोरड्या प्रदेशात टिकते. सहाराकडच्या धुळीत केओलिनाइट भरपूर, आणि अमेरिकेच्या अंतर्भागातल्या मातीत फुगणारी स्मेक्टाइट जातीची खनिजे भरपूर. ग्रीनलंडची धूळ यांतल्या कशाशीच मेळ खाईना. एकेक उमेदवार गळत गेला आणि उरले पूर्व आशियातले कोरडे प्रदेश: गोबी आणि चीनच्या उत्तरेकडची वाळवंटे. म्हणजे कण अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते. आधुनिक बर्फाने याला दुजोरा दिला. एनग्रिप या ठिकाणच्या अलीकडच्या थरांत ऋतूगणिक धूळ वेगळी काढून तपासली, तेव्हा वसंतात ती वाढते आणि तिची खूण तकलामकानसारख्या आशियाई वाळवंटांशी जुळते, असे दिसले.

याच धाग्यावर २००० साली प्रसिद्ध झालेले एक काम मला सर्वात बोलके वाटते. ग्रिप या शेजारच्या गाभ्यात सुमारे ४४,००० ते १४,००० वर्षांपूर्वीच्या काळातले नमुने घेतले गेले. त्यांत थंड झटके होते, अचानक तापलेले टप्पे होते, आणि धुळीचे प्रमाण दहापटीहून अधिक खालीवर होत होते. पण धुळीची घडण मात्र जवळपास तशीच राहिली. गाव बदलले असते तर खूण बदलायला हवी होती, ती बदलली नाही. म्हणून उगमस्थान बदलल्यामुळे धूळ वाढली, हा चौथा पर्याय निदान ग्रीनलंडपुरता बाद होतो. इथे गंमत अशी की हा निष्कर्ष निघण्यासाठी ते गाव गोबी आहे की दुसरे कुठले, हे कळण्याची गरजच पडत नाही. खूण स्थिर आहे एवढे पुरते.

हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा वाद वाचताना गांगरून जायला होत नाही. गेल्या दशकात आशियाच्या मक्तेदारीवर गंभीर शंका घेतल्या गेल्या. मध्य युरोपातल्या, विशेषतः डॅन्यूबच्या खोऱ्यातल्या, लोएसचे बारीक कण आधी कुणी या बारकाईने तपासलेच नव्हते. ते तपासल्यावर समस्थानिकांच्या आलेखात ग्रीनलंडच्या धुळीशी त्यांचे अंतर फार थोडे निघाले. दुसऱ्या गटाने सहारातली धूळ मिसळल्याची शक्यता मांडली. कुणी म्हणेल, मग तीस वर्षांचे काम पाण्यात गेले. मला तसे वाटत नाही. हा अगदी एहरेनबर्गचाच पेच आहे: संग्रह वाढला की जुळणाऱ्या गावांची यादी वाढते. पण बाद झालेली नावे त्यामुळे यादीत परत येत नाहीत. उत्तर अमेरिकेचा अंतर्भाग मुख्य पुरवठादार नव्हता, हे १९९७ साली जितके पक्के होते तितकेच आजही आहे. जे डळमळले ते ‘फक्त आशिया’ या वाक्यातला ‘फक्त’. वाऱ्यांची दिशा आणि हिमयुगातली वाऱ्याची प्रतिमाने पाहता आशियाचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे, पण ते मत आहे. ज्याला सिद्ध म्हणावे तो भाग त्याहून लहान आहे.

मूळ दूरचेच असेल असेही गृहीत धरू नये. पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ रेनलँड येथे काढलेल्या गाभ्यात धुळीचे जाडे कण मोठ्या संख्येने सापडतात. असे कण हजारो किलोमीटर हवेत तरंगत राहू शकत नाहीत. ते जवळच्या उघड्या पडलेल्या जमिनीवरूनच आलेले असणार, म्हणून त्यांच्या संख्येवरून ग्रीनलंडचा हिमस्तर किनाऱ्यापर्यंत केव्हा पुढे सरकला आणि केव्हा मागे हटला, याचे वेळापत्रक मांडता आले. अंटार्क्टिकातही काठाजवळच्या टॅलोस डोमवर व्हिक्टोरिया लँडमधल्या बर्फमुक्त खोऱ्यांतली माती मिसळते. कणाचा आकार ही अशी एक स्वतंत्र साक्ष आहे, पण तीही एकटीने खोटे बोलू शकते. शेवटच्या हिमयुगात डोम सीवरचे कण आजच्यापेक्षा बारीक होते आणि त्याच पठारावरच्या डोम बीवर मात्र जाडे. वारा जोराचा झाला म्हणून कण जाडे झाले, असे सोपे सूत्र मांडणाऱ्याला या दोन ठिकाणांनी एकाच वेळी विरुद्ध उत्तरे दिली. हवा उंचावरून कुठे किती खाली उतरते, यावर तो फरक ठरतो असा अर्थ लावला गेला आणि तो पटण्यासारखा आहे.

दक्षिणेकडची कथा अधिक भरीव आहे. दक्षिण गोलार्धात जमीन मुळातच थोडी, त्यामुळे संशयितांची यादी आटोपशीर: दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि खुद्द अंटार्क्टिकाचे उघडे खडक. ग्रूसे आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये डोम सीच्या १८,००० वर्षांपूर्वीच्या धुळीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाची, म्हणजे पॅटागोनियाची, खूण दाखवली. १९९७ मध्ये इझाबेल बाझिल आणि सहकाऱ्यांनी व्होस्टोक आणि डोम सी दोन्हीकडच्या तीन वेगवेगळ्या थंड कालखंडांत तीच खूण पुन्हा आढळल्याचे सांगितले. पुढे बार्बारा डेलमाँटे आणि सहकाऱ्यांनी ती ८ लाख वर्षे मागे नेली. अँडीजच्या तरुण ज्वालामुखी खडकांचा भुगा पॅटागोनियाच्या मैदानांवर पसरतो, म्हणून तिथल्या धुळीत निओडिमियमचे प्रमाण प्राचीन खडकांच्या खंडांहून स्पष्ट वेगळे पडते. आफ्रिका आणि अंटार्क्टिकाचे बहुतेक खडक इतके जुने आहेत की त्यांना यादीतून वगळायला फारसे कष्ट पडत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे काय, हा आक्षेप सर्वात टणक आहे. आज दक्षिण गोलार्धातली सर्वाधिक धूळ उडवणाऱ्या प्रदेशांत लेक आयरचे खोरे मोडते. मग हिमयुगात तिथला वाटा नगण्य कसा? उत्तराचा एक भाग समस्थानिकांचा आहे: हिमयुगातल्या धुळीची खूण ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक मातीपेक्षा पॅटागोनियाच्या मातीकडे झुकते. दुसरा भाग वेळेचा आहे आणि तो मला अधिक निर्णायक वाटतो. डेव्हिड सग्डेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पॅटागोनियाच्या दक्षिणेला मॅगेलन सामुद्रधुनीच्या परिसरातल्या हिमनद्यांचा इतिहास अंटार्क्टिकाच्या धुळीशी लावून पाहिला. हिमनद्या खडक दळून पिठासारखा बारीक गाळ करतात. त्यांची टोके थेट मैदानावर संपत होती तेव्हा वितळपाणी तो गाळ उघड्यावर पसरवी आणि वारा तो उचली. हिमनद्या मागे हटून त्यांच्यापुढे तळी साचली की गाळ तळ्यांच्या तळाशी बसे. अंटार्क्टिकातली धुळीची शिखरे पहिल्या अवस्थेशी जुळतात, आणि तळी होती त्या काळात शिखरे दिसत नाहीत. ही साक्ष समस्थानिकांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. शिवाय तिच्यामुळे पंचवीसपट वाढीचे कोडेही बरेच सुटते. वारा फार बदलण्याची गरज राहत नाही, दाराशी तयार पीठ पडलेले असणे पुरते.

समुद्राच्या पातळीबद्दलचा एक तर्क मात्र इथे टिकत नाही. हिमयुगात पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती आणि अर्जेंटिनाचा रुंद समुद्रकाठ उघडा पडला होता. धूळ तिथलीच असावी, असे पूर्वी सुचवले गेले. समस्थानिक इथे मदत करत नाहीत, कारण त्या समुद्रतळावरचा गाळही पॅटागोनियाचाच. पण डोम सीवरची धूळ १८,००० वर्षांपूर्वी ओसरू लागली आणि साडेचौदा हजार वर्षांपूर्वीपर्यंत जवळपास तळाला गेली. तेव्हा समुद्र अजून आजच्यापेक्षा शंभर मीटरच्या आसपास खालीच होता. जमीन उघडी होती आणि धूळ मात्र संपली होती. समुद्रकाठाचा थोडा वाटा असूही शकेल, मुख्य कारण तो नव्हता.

उबदार काळातल्या अंटार्क्टिकाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण पुरावा विरळ आहे. थोड्याशा धुळीची खूण हिमयुगातल्या धुळीहून निराळी आहे, हे नक्की. ती पूर्व ऑस्ट्रेलियाकडे, तसेच अँडीजमधल्या उंच पुना पठाराकडे बोट दाखवते, आणि दोन गावांच्या मिश्रणातून तिसऱ्याचा भास होण्याचा धोका इथे सगळ्यात जास्त. मिश्रणाचा हा आक्षेप सगळ्याच निष्कर्षांवर लटकलेला असतो. दोन आकड्यांच्या आलेखावर कोणताही बिंदू कुठल्या ना कुठल्या दोघांच्या मध्ये पडतोच. यावर एकच मार्ग आहे, परस्परांशी संबंध नसलेल्या खुणा वाढवणे. शिसे, हाफ्नियम, विरळ मृदा मूलद्रव्ये, चिकणमातीची खनिजे, कणांचा आकार, घटनांचा काळ. एका खुणेला फसवणारे मिश्रण पाचांना एकदम फसवण्याची शक्यता फार थोडी. वाऱ्याच्या प्रतिमानांनी पॅटागोनिया सुचवले म्हणून अभ्यासकांनी तेच शोधले आणि तेच सापडले, असाही चक्राकार तर्काचा आरोप होतो. प्रतिमाने मात्र आजच्या वाऱ्यांवरून ऑस्ट्रेलियाला बराच वाटा देतात. हिमयुगाच्या बर्फाने तिथे त्यांना साथ दिली नाही, यातच आरोपाचे उत्तर आले.

हे सगळे एवढ्या बारकाईने का पाहायचे? १९९० मध्ये जॉन मार्टिन या सागरशास्त्रज्ञाने व्होस्टोकच्या धुळीचा आलेख समोर ठेवून असे मांडले की दक्षिण महासागरात पोषक द्रव्ये भरपूर असूनही वनस्पतिप्लवक फोफावत नाही ते लोहाच्या तुटवड्यामुळे, आणि हिमयुगातल्या धुळीने ते लोह पुरवून हवेतला कार्बन डायऑक्साइड खाली ओढला असावा. ही कल्पना आता उप-अंटार्क्टिक सागरातल्या गाळाच्या अभ्यासांनी बरीच भक्कम झाली आहे, तरी कार्बनमधली सारी घट तिच्या नावावर मांडता येत नाही. इथे धुळीचे गाव नुसते कुतूहल राहत नाही. हिमनदीने ताजा दळलेला खडक आणि युगानुयुगे झिजून लाल पडलेली वाळवंटी माती यांत लोहाचे प्रमाण सारखे असले तरी त्याचे रूप वेगळे असते. पहिल्यातले लोह प्लवकाला सहज पचते, दुसऱ्यातले फारसे नाही. पॅटागोनिया की ऑस्ट्रेलिया या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे समुद्राच्या आणि हवेच्या हिशेबात थेट जाते.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तेवढा परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. गोव्यातच वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या शीतगृहात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे उणे २० अंशांवर ठेवलेले असतात. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनारी भागातल्या या गाभ्यांत अलीकडच्या शतकांचा इतिहास आहे आणि त्यांतल्या धुळीवर तिथे कामही झाले आहे. किनाऱ्याजवळ शिरमाकर ओअॅसिससारखे उघडे खडक असल्याने स्थानिक धूळ आणि परकी धूळ वेगळी काढणे हे तिथे नेहमीचेच दुखणे. मध्यवर्ती पठारावरच्या गाभ्यांना जो प्रश्न क्वचित पडतो, तो इथे पहिल्या दिवसापासून सोडवावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये ‘बियाँड एपिका’ या प्रकल्पाने लिटल डोम सी येथे २,८०० मीटर खोल जाऊन खडक गाठला. हाती आलेला बर्फ निदान १२ लाख वर्षांचा आहे आणि त्याच्या खालच्या भागात एकेका मीटरमध्ये १३,००० वर्षांपर्यंतचा काळ दाबला गेलेला आहे. हिमचक्रे ४१,००० वर्षांवरून सुमारे एक लाख वर्षांवर का गेली, हे कोडे त्यातून सुटावे अशी अपेक्षा आहे. त्या बर्फातल्या धुळीचेही गाव सांगणारे शोधनिबंध येत्या काही वर्षांत निघतील, आणि बातम्यांत ते एका ओळीत येईल. ती ओळ वाचणाऱ्याला, तसेच पुढची पाने उलटणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे, की गावाचे नाव वाचून थांबू नये. कोणकोणत्या ठिकाणची माती ताडून पाहिली, ती बारीक चाळून घेतली होती का, आणि कोणती नावे कशाच्या आधाराने गाळली, हे तिथे शोधावे. ती यादी दिलेली नसेल तर नाव तूर्त पेन्सिलीने लिहावे.